खिडकीतून धरलेली जागा

ती. स्व. मामांना,

विश्वंभरचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींची साखर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही तिघं जिवंत आहोत. (हे वाक्य मी बराच विचार करून लिहिलं आहे.) जावई पोस्टमास्तर असून अक्षर असं कसं, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण शेवटी येईल. फोनच केला असता, पण मी फोन लावला की रुद्र मांडीवर येऊन बसतो आणि पलीकडे जो असेल त्याला सगळं खरं सांगतो. चार वर्षांच्या लेकराला खोटं बोलायला आम्ही शिकवलेलं नाही, आणि आता शिकवावं तर दिवस फार थोडे उरलेत. ज्योती शुक्रवारी येते.

तिला हिंगोलीत आशाताईंच्या ट्रेनिंगला जाऊन चार दिवस झाले. जाताना तिनं पाठीमागून हाक मारून सांगितलं, लेकरं सांभाळा, बाकी घर पडलं तरी चालेल. घर उभं आहे. सकाळी शिवकन्येच्या दोन वेण्या घालतो (एक कानाच्या वर येते, एक खाली, बाईंनी शाळेत सोडून पुन्हा घातल्या), रुद्रला सोबत घेऊन पोस्ट उघडतो, तो शिक्के मारतो आणि मी ते पुसतो. इथवर सगळं चांगलं चाललं होतं. मग सोमवारी मला रजा टाकून दोघांना नागनाथाच्या दर्शनाला न्यायची बुद्धी झाली. श्रावणी सोमवार, मामा. औंढ्याचा स्टँड त्या दिवशी कसा असतो हे तुम्हाला मी काय सांगावं.

दर्शन झालं, पेढे झाले, रुद्रचा एक बूट हरवला आणि सापडला. आमचं गाव त्याच रस्त्यावर, म्हणून परतीला हिंगोलीची गाडी धरायची होती. एक गाडी लागली, कुणीतरी "हिंगोली, हिंगोली" म्हणालं आणि माणसं धावली. अशा वेळी आपल्याकडे सगळे करतात तेच मी केलं. पोरगं उचललं, चौथ्या खिडकीतून आत सोडलं, हातात खिशातली दस्ती दिली आणि सांगितलं की शेजारी ही अंथर, बाबा येईपर्यंत कुणाला बसू देऊ नको. मग शिवकन्येला घेऊन दाराकडे वळलो. तेवढ्यात मागे दुसरी गाडी येऊन लागली, गर्दी तिकडे फिरली आणि आम्ही गर्दीबरोबर. शिवकन्या दुसरीत आहे, पाट्या वाचण्याचा तिला नवा नाद आहे. ती म्हणाली, "बाबा, ही हिंगोली हाय. रुद्रच्या गाडीवर जवळा बाजार लिवलंय." मी तिला गप चल म्हणालो. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा म्हणालो. अकरा वर्षं मी लोकांची पाकिटं पत्ता वाचून पोचवतो, एक चुकलं नाही. पोटचा पोरगा पाटी न वाचता टाकला.

आत चढलो तर चौथ्या खिडकीत एक जाडजूड गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. पोरगं कुठे म्हणून विचारलं, तर त्यांनी पिशवीत बघितलं. बाहेर पाहतो तो पलीकडची गाडी निघालेली, आणि तिच्या खिडकीत रुद्र ताठ बसलेला. माझ्याकडे बघतही नव्हता. जागेवर लक्ष ठेवून होता.

मामा, त्यापुढचं मला नीट आठवत नाही. मी ओरडलो म्हणे, पण आवाज आला नाही, असं शिवकन्या सांगते. भावसिंग जीपवाल्याच्या जीपमध्ये आम्ही कसे बसलो ठाऊक नाही. तो विचारत होता, गाडीचा नंबर काय. मला पोराचं नावही पटकन आठवेना. प्रत्येक फाट्यावर मला तो एका बुटानं उतरलेला दिसत होता. ज्योतीला काय सांगायचं, हा विचार तेव्हा आला नाही. तो भीतीचा दुसरा हप्ता, नंतर आला. तेव्हा एवढंच होतं की तो मला पुन्हा दिसणारच नाही. शिवकन्येनं माझा हात धरला होता, मी तिचा नव्हे.

सात-आठ किलोमीटरवर एका फाट्याला गाडी उभी दिसली. आत चढलो. उभ्यानं जाणारी माणसं खच्चून भरलेली आणि रुद्रशेजारची जागा रिकामी, वर माझी दस्ती. त्या जागेला टेकून पांढऱ्या केसांची एक बाई बांगड्यांची पाटी सांभाळत उभी. कंडक्टरनं समजावलं, लोकांनी बिस्कीट दिलं, पण यानं कुणाला बसू दिलं नव्हतं. मला पाहून म्हणाला, "लई उशीर केलात. बसा."

मी बसलो. गाडी त्या बाईनं थांबवून ठेवली होती. नानीबाई तिचं नाव, तुमच्याच जवळा बाजारची. कंडक्टरला तिनं म्हणे बजावलं होतं, "थांब दहा मिन्टं. बाप येऊनच राहिला असंल. मागच्या खेपेचा बी आला होता." मागची खेप कोणती, हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

असो. मामींना नमस्कार.

तुमचा,
विश्वंभर

ता. क. हे पत्र वाचून फाडावं. मामींच्या हाती लागू देऊ नये.

ता. क. दुसरा. मागची खेप मी उतरताना विचारली. कुणाचा जावई ते कळल्यावर नानीबाई म्हणाली, "तुझ्या सासऱ्याला, किशनरावाला विचार. तुझी बायको अशीच चार वर्साची असताना याच स्टँडावरनं जिंतूरच्या गाडीत गेली होती. शेजारी मीच होते. बाप सायकलीवर आला, रडत." तुम्ही तिला शपथ घातली होती म्हणे. सत्तावीस वर्षं तिनं ती पाळली आणि माझी अवस्था बघून मोडली. मी धमकी देतोय असं समजू नका, तेवढी छाती असती तर पत्र कशाला लिहिलं असतं. फक्त शुक्रवारी या. मी ज्योतीला सांगताना शेजारी बसा. माझं मी सांगेन, तुमचं सांगायचं की नाही ते तुमच्यावर.

ता. क. तिसरा. दिवाळीत तुम्ही एकतीस वर्षांच्या ज्योतीला मनगट धरून बसमध्ये चढवलं, तेव्हा मी मागे उभा राहून हसलो होतो. माफ करा. ही भीती जायला किती वर्षं लागतात ते विचारणार होतो, पण उत्तर मी डोळ्यांनी बघितलं आहे. अक्षराचं कारण म्हणजे डाव्या हातात रुद्रचं मनगट आहे, त्यामुळे कागद धरायला हात नाही. सोमवारपासून असंच आहे. त्याला आता लघवीला जायचंय, हात सोडा म्हणतो. दोघंही जाऊन येतो.