बसायचं कुठे?

प्रिय पाणकोंबडे,

दीड वर्षात तुला या नावाने हाक मारली नव्हती. अपघातानंतर ते ओठांवर यायचं आणि मी गिळून टाकायचे, तुला लागेल म्हणून. आज लिहिलंय. राग आला तर पत्र बाजूला ठेव, चहा घे आणि मग पुढे वाच, पण वाच. मी तुझ्याशी दोन वेळा खोटं बोलले आहे. त्यातलं एक आत्ता सांगते आणि दुसरं शेवटी, कारण मधलं सगळं कळायच्या आत ते सांगितलं तर तू नुसती चिडशील.

पहिलं तुझ्या बोटीबद्दल. दर फोनवर तू विचारतेस, "विकली का?" आणि मी म्हणते, "बघतेय गं, गिऱ्हाईक मिळायला हवं ना." गिऱ्हाईक तू तिकडे गेलीस त्या पहिल्याच महिन्यात मिळालं होतं. तुझी अक्कलदाढ काढली ते दंतवैद्य आठवतात? तेच. रविवारी सकाळी खाडीवर आले, शेडमधल्या तुझ्या शिडाच्या बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, जोडून बांधलेल्या तिच्या दोन्ही सडपातळ होड्यांवर टिचक्या मारून पाहिल्या, त्यांच्या मधल्या ताणलेल्या जाळीवर हात दाबला आणि मला म्हणाले, "सगळं छान आहे हो, पण यात बसायचं कुठे?"

तूच विचार कर, तीस वर्षं मी बसच्या कारखान्यात सीट बांधल्या. लांब पल्ल्याच्या, शहरातल्या, शाळेच्या. लोकांच्या पाठींचा आणि बुडांचा मी जितका विचार केलाय तितका देवाचासुद्धा केला नसेल. आणि माझी पोटची पोर सात वर्षं ज्या बोटीवर तासन् तास एकटी काढत होती, त्या बोटीत ती बसते कुठे, हे मला ठाऊक नव्हतं. मी धक्क्यावर टॉवेल घेऊन उभी असायचे. माझं सगळं लक्ष तू परत येतेस का यावर असायचं. उत्तर दिलं ते मागून शेडच्या राखणदाराने, आपल्या दोरीकाकांनी. हातातल्या दोरीची वीण न सोडता ते म्हणाले, "बसायचं नसतं डॉक्टर, लटकायचं असतं." डॉक्टरांनी लगेच कंबरेला हात लावला. तरी आठवड्याने त्यांचा फोन आला, की घेतो म्हणून. मी म्हटलं, जरा थांबा. का म्हटलं ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. लटकायचं म्हणजे नेमकं काय, ते बघितल्याशिवाय बोट हातची जाऊ द्यायची नाही, एवढंच डोक्यात होतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुलूप बिघडलं की किल्लीवाल्याला बोलावण्याआधी मी ते उघडून बघते आणि मग दोन किल्लीवाले लागतात.

एक गोष्ट मात्र खरी सांगून टाकते. हॉस्पिटलातून आल्यावर तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस ना, "बोट विकून टाक," तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. पायाचं दुःख होतंच, पण त्या दुःखाच्या खाली एक सुटकेचा सुस्काराही होता, की आता धक्क्यावर उभं राहायला नको. किती विचित्र बघ, पाण्याने तुला सात वर्षांत ओरखडासुद्धा काढला नाही. रस्त्यावरच्या वाळूवर स्कूटर घसरली आणि गुडघा गेला. आणि मी मात्र पाण्यावरच डूख धरून होते.

तर एका दुपारी मी शेडमध्ये गेले आणि बोट जमिनीवरच असताना जाळीवर चढून बसले. आधी नुसती बसले, मग आडवी झाले, मग पालथी होऊन सगळं जवळून बघितलं. मध्ये तो काळा पट्टा आहे ना, पायाचे चवडे अडकवून शरीर बाहेर झोकायचा, तो एका जागी झिजून पांढरा पडलाय. तुझ्या पायांच्या मापाचे दोन डाग. मी चपला काढून माझे पाय तिथे घातले आणि मागे कलून बघितलं. तीन मोजेपर्यंत पोटऱ्या थरथरायला लागल्या. तेव्हा कळलं, तू बोट का सोडलीस. तू घाबरली नव्हतीस, कंटाळली नव्हतीस. डावा पाय त्या पट्ट्याला धरत नाही, एवढंच होतं. आणि मी सीट बांधणारी बाई, मला पहिली गोष्ट सुचली ती अशी, की यात दोष पायाचा नाहीच. दोष बैठकीचा आहे. बैठकच नाही!

त्यानंतर मी शिकायला लागले. हसू नकोस. अठ्ठावन्नाव्या वर्षी, फुगलेल्या उशीसारखं ते जाकीट घालून, दर रविवारी. पहिले दोन महिने दोरीकाका शेजारी असायचे, आणि माझ्या प्रश्नांनी त्यांचं डोकं उठायचं. वारा समोरून येतोय तर बोट पुढे कशी जाते? शीड ओढलं की वेग वाढतो, मग जास्त ओढलं की कमी का होतो? शेवटी ते म्हणाले, "ताई, आधी सुकाणू धरा, चौकशा किनाऱ्यावर." पण एक कोडं मात्र सुटलं. तू खाडीत तिरकी जायचीस, मग वळून उलटी तिरकी, पुन्हा वळायचीस, आणि धक्क्यावरून मला वाटायचं, या पोरीचं काही म्हणून धड ठरत नाही. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाताच येत नाही, असं तिरकं तिरकंच चढावं लागतं, हे मला आत्ता कळलं. सात वर्षं मी तुला उगाच धरसोडीची समजत होते.

बोटीसकट उलटीही झाले, चार वेळा. पहिल्यांदा बोट आडवी झाल्यावर मी तिला धरून पाण्यात तरंगत होते आणि भीतीपेक्षा नवल जास्त वाटत होतं, की अरेच्चा, खालून ही अशी दिसते होय. ती एकटीने सरळ करायला माझं वजनही पुरत नाही (आणि माझं वजन पुरत नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हणालं). मग दोरीकाकांनी युक्ती दाखवली. मजबूत पिशवीत पाणी भरून घ्यायचं, दोरीला टांगून खांद्यावर घ्यायची आणि मागे रेलायचं. हळूहळू शीड पाण्यातून सुटतं. ती पिशवी आता बोटीवर कायमची बांधून ठेवली आहे.

मग बैठक. कारखान्यातला वेल्डर अजून माझा मान ठेवतो. त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून दिल्या. बोटीच्या दोन्ही कडांवर एकेक चौकट खोबणीत बसते आणि पाण्यावर बाहेर येते, घराला गॅलरी काढावी तशी. त्यावर मी जाळीचं जाड कापड ताणून शिवलं, पाठीला आडवी नळी, तिला मऊ गुंडाळी. बाहेर बसलं की आपलं वजन आपोआप बाहेर. चवडे अडकवायला नको, पोटऱ्या ताणायला नकोत. नुसतं टेकून बसायचं, एका हातात सुकाणूची लांब काठी, दुसऱ्यात शिडाची दोरी. मी इतकी खूश होते की दोरीकाकांना म्हटलं, तुम्ही आज मोटरबोटीत राहा, मी एकटी जाते.

आणि पहिल्याच वळणावर फजिती झाली. सुकाणूची काठी मागून फिरवून पलीकडे न्यायची, ती बैठकीच्या चौकटीला अडकली. बोट वाऱ्याच्या तोंडावर येऊन थांबली, शीड फडफडायला लागलं, आणि आम्ही उलट्या, मागे मागे जायला लागलो. मी काठी ओढतेय, काठी सुटत नाही. बैठक इतकी लांब का झाली, मला कळेना. मापं तर मीच घेतली होती. तेवढ्यात दोरीकाका मोटरबोट जवळ आणून ओरडले, "ओ ताई, शेजारी कोणासाठी जागा धरलीय?"

मी वळून बघितलं. मी दोघांची सीट बांधली होती. बसमधली असते तशी, छत्तीस इंच. तीस वर्षं हात तेच माप कापत आला, त्याला एकट्या माणसाचं माप ठाऊकच नव्हतं. आधी मी खूप हसले. मग त्या उलट्या जाणाऱ्या बोटीत बसून माझं हसू थांबलं. दोष हाताचाच नव्हता गं. हॉस्पिटलातून आल्यावर तू न्हाणीघरात गेलीस की मी दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे, मांडीवर टॉवेल घेऊन. जिन्यात मी एक पायरी खाली. खोलीत तू एकटी आहेस असं वाटलं की काहीतरी आवरायचं निमित्त करून मी आत. तू म्हणालीस, "आई, तू शेजारी नसलीस की मला श्वास घेता येतो." आणि पुढच्या आठवड्यात तिकडची बदली मागून घेतलीस. ते वाक्य मी नऊ महिने उलटसुलट करून बघितलं, त्यात माझी चूक कुठे तेच सापडत नव्हतं. ती खाडीच्या मध्यावर सापडली. अठरा इंच जास्तीची होती.

घरी येऊन मी चौकटी कापून घेतल्या. अर्ध्यावर. कापड उसवताना रडले, हेही सांगते. पुन्हा शिवली ती एकाच माणसाची बैठक. आता शेजारी कोणी बसायचं म्हटलं तरी जागा नाही.

त्यानंतर नऊ वेळा एकटी गेले. वारा बरा असला की माझ्या बाजूची होडी पाण्यातून जरा उचलली जाते, आणि वेग वाढला की खालून सुकाणूची पाती गुणगुणल्यासारखी वाजायला लागतात. एकच सूर, लांबलचक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इकडेतिकडे बघितलं, कोण आहे म्हणून. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. की सांगितलं होतंस आणि मी तेव्हा टॉवेल शोधत होते?

आता दुसरं खोटं. मागे तू विचारलंस, गुडघ्याचा तो जाड पट्टा कपाटात राहिलाय का, खीळ लावली की पाय ताठ राहतो तो, आणि मी म्हटलं, दिसत नाही कुठे. तो माझ्याकडे आहे. एकटीने गेले त्या नऊ वेळांपैकी आठ वेळा तो माझ्या डाव्या पायावर होता, खीळ लावून. मला बघायचं होतं. ताठ पाय जाळीवर सरळ पसरता येतो, त्याच्याकडून काही मागावं लागत नाही. बाजू बदलताना आधी बूड सरकवायचं, मग पाय ओढून घ्यायचा. दोरीकाका म्हणतात, इतकी वाईट दिसणारी पद्धत त्यांनी जन्मात बघितली नाही, पण काठीही अडकत नाही आणि बोटही थांबत नाही. पाण्यात पडल्यावर ताठ पायाने वर येता येईना, म्हणून मागे दोरीची दोन पायऱ्यांची शिडी लावली. तिसऱ्या प्रयत्नात जमलं, नंतर दर वेळी जमलं. जे जे तू मला "आणि असं झालं तर?" म्हणून विचारशील ते सगळं मी करून बघितलंय. जोराच्या वाऱ्यात मात्र नाही गेले, ते मला येत नाही. ते तुला येतं.

हे पत्र लिहिलंय ते एका मापासाठी. बैठक माझ्या मांडीवर बेतलेली आहे, आणि तुझी मांडी माझ्यापेक्षा लांब आहे. मला पाठीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतचं माप हवंय. पलंगावर बसून घेऊ नकोस, कडक खुर्चीत ताठ बसून घे, आणि दोन्ही पायांचं वेगवेगळं घे. टेप सैल धरू नकोस, तुला ती सवय आहे. डॉक्टरांना मी महिनाअखेरपर्यंत थांबवलंय. माप आलं नाही तर बोट त्यांची, बैठकीसकट, आणि मी त्यावर पुन्हा एक अक्षर काढणार नाही, हा शब्द. आलं तर शेडची किल्ली दोरीकाकांकडे असेल. तू कधी येतेस, किती वेळ जातेस, ते मला कळवायची गरज नाही. टॉवेल तेवढा स्वतःचा आण.

तुझीच,
आई