चौथीचे अपूर्णांक आणि जाळ्याचा वाटा

केरी, पेडणे
गुरुवार

ती. विनोदिनी मावशीस,
गौरवीचा वाकून नमस्कार.

तुझा पाय कसा आहे? प्लास्टर काढल्यावर सूज काही दिवस राहतेच, असे डिचोलीच्या डॉक्टरांनी सांगितल्याचे तुझ्या सर्वेशने कळवले. किती सूज, हे मात्र दोघांनीही सांगितले नाही. घोट्याचा घेर रोज एकाच वेळी, एकाच टेपने मोजून लिहून ठेव. (ही सूचना तुला आवडणार नाही, हे सर्वेशने न कळवताही कळते.) मी ठीक आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते, म्हणजे बाकीचे पत्र तू शांतपणे वाचशील: शाळेची तपासणी झाली आणि तो शेरा पुसला गेला. तीस वर्षांच्या नोकरीत भेटपुस्तकात तुझ्या वर्गाबद्दल एकच वाईट ओळ, 'चौथीचे अपूर्णांक कच्चे'. दवाखान्यात तू मोडलेल्या घोट्यासाठी रडली नाहीस, त्या ओळीसाठी रडलीस. आणि कारखान्यातली मापयंत्रे तपासणारी आपली भाची दोन नोकऱ्यांच्या मधे रिकामी आहे, हेही तुला त्याच अश्रूंत आठवले. पालक-शिक्षक संघाने मला तुझ्या जागी महिनाभर ठेवून घेतले. अपूर्णांक म्हणजे समान भाग, यात अवघड काय, असे मी तेव्हा म्हटले होते. ते वाक्य मागे घेते.

पहिल्या आठवड्यात मी जाड पुठ्ठ्याची वर्तुळे कापून नेली. भागांमधला फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी होता. सतरा मुलांपैकी एकानेही ती दुसऱ्यांदा हातात घेतली नाही. दुसऱ्या आठवड्यात पोदेराकडून गोल पाव, उंडे, घेतले आणि पट्टी लावून प्रत्येकाचे आठ भाग केले. भाग समान होते, पण कडेचा कुरकुरीत पापुद्रा सगळ्यांकडे सारखा गेला नाही, म्हणून भांडण झाले. ते मिटवून मी फळ्याकडे वळले आणि 'तीन छेद आठ' लिहून पुन्हा वर्गाकडे पाहिले, तर दाखवायला काहीच उरले नव्हते. (रुद्रेशच्या तोंडात निदान दोन छेद आठ असावेत. बोलता येत नसल्याने खात्री करता आली नाही.)

तिसऱ्या आठवड्यात कंटाळून मी चिंचोके आणले. पाच जणांना पुढे बोलावले, पस्तीस चिंचोके ठेवले आणि म्हटले, हे तारले मासे समजा, सारखे वाटे करा. पाचांनी क्षणात सात ढीग केले. मी म्हटले, माणसे पाच आहेत. तेव्हा सेजलने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने मी शिकाऊ कामगारांकडे पाहते.

"टीचर, जाळ्याचो वाटो खंय? आनी होड्येचो?"

मी पेडण्याच्या बाजारपेठेत वाढलेली. मासे माझ्या माहितीत टोपलीत जन्मतात. रापण, म्हणजे ते किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली की ओढणाऱ्या प्रत्येक माणसाइतकाच जाळ्याला वाटा असतो आणि होडीलाही, हे मला चौथीने शिकवले. मग मी माझे शिकवणे बंद केले आणि रापणच सुरू केली. माझी ओढणी जाळे झाली, बाक होडी झाला, व्हरांड्यात चिंचोके पसरले. रोज माणसांची संख्या बदलायची आणि वाटा फळ्यावर लिहायचा. मुले मधल्या सुट्टीतही हटेनात. (ओढणी आता खरोखरच जाळे झाली आहे.) अडचण एवढीच, की पुस्तकातल्या चार बहिणींनी एक भाकरी वाटली तरी उत्तर एक छेद सहा येऊ लागले. पुस्तकात जाळे नसते, हे मी दिवसातून तीनदा बजावत होते.

काल तपासणीचे साहेब आले. नवे आहेत, मडगावकडचे. जुना शेरा त्यांनी मोठ्याने वाचला, हेडमास्तर सखाराम सरांनी खिडकीबाहेर पाहिले, आणि साहेबांनी नेमके सेजललाच उभे केले. पाच मित्रांनी एक केक सारखा वाटला, तर तुला किती?

"एक छेद सात."

मावशी, त्या क्षणी माझे ठोके मी मोजले नाहीत, यावरून काय ते समज. साहेबांनी पेनाचे टोपण काढले. सात कुठून आले, असे विचारले. सेजलने जाळे आणि होडी शांतपणे समजावून सांगितली. साहेबांनी टोपण तसेच हातात धरले.

"मग जाळ्याचा वाटा खातं कोण?"

"आमी. जाळें आमचें."

"आणि होडी?"

"ती पूण आमचीच."

"म्हणजे तुला एकूण किती?"

"तीन छेद सात." बोटे न मोजता! (अपूर्णांकांची बेरीज मी अजून शिकवलेलीच नाही.)

"आणि बाकीच्या चौघांना?"

"चौगांक मेळून चार छेद सात."

मागून रुद्रेश ओरडला, "म्हणान आमी हिच्यावांगडा केक खायनाव!"

हिच्यासोबत केक खायला कोणी तयार नसते, हे ऐकून साहेब इतके हसले की सखाराम सरांनाही हसावे लागले. मग साहेबांनी जाळे काढून टाकून तोच प्रश्न विचारला, तिने एक छेद पाच सांगितले, आणि ते खुर्ची ओढून लिहायला बसले. संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

काकांना नमस्कार. पायावर जोर देऊ नकोस.

तुझी,
गौरवी

ता. क. : शेरा शब्दशः असा: 'अपूर्णांक उत्तम. श्रीमती विनोदिनी टीचर यांचे अभिनंदन.' ते मलाच विनोदिनी टीचर समजत होते. मी सही करताना तुझ्या नावापुढे 'करिता' लिहिले होते; त्यांनी वाचले नाही. सखाराम सरांना त्याच वेळी खोकला आला.

ता. ता. क. : फेब्रुवारीत ते तालुक्यातल्या इतर शिक्षकांना विनोदिनी टीचरांचा वर्ग दाखवायला घेऊन येणार आहेत. तोपर्यंत तू माझ्यासारखी सव्वीस वर्षांची दिसणे आवश्यक आहे. ते जमणार नसेल, तर रजा मार्चपर्यंत वाढव. मी मार्चनंतरच रुजू होईन, असे नव्या कारखान्याला कळवून टाकले आहे.