दोन नंबरच्या मशीनवरचा उंचवटा

तीर्थस्वरूप मामांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या अंगठ्याला पट्टी असल्यामुळे हात नीट जुळत नाहीत, तेवढं पदरात घ्यावं. घाबरू नका, लागलेलं काही नाही, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींनी जिना चढायला बंदी केली असं ताईकडून कळलं. बंदी पाळत जा. तुम्ही पाळणार नाही हे मला माहीत आहे, पण भाच्यानं लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलं. इकडे सगळे मजेत. चष्मा सापडत नसेल तर पत्र मामींकडून वाचून घ्या, फक्त ताजा कलम तेवढा स्वतः वाचा.

पत्रास कारण असं की आपल्या छापखान्यात, म्हणजे जिथं तुम्ही फोरमन होतात आणि मला कामाला चिकटवलंत तिथंच, डोळा आला आहे. (डोळे आले आहेत असं वाचू नका, साथबीथ काही नाही.) हा डोळा म्हणजे वीतभर लांबीचं एक यंत्र. दोन नंबरच्या मशीनचा सिलिंडर फिरत असताना त्यावर उजेडाचा लाल ठिपका टाकायचा, उजेड कसा परत येतो ते बघायचं, आणि सिलिंडर कुठं उंच, कुठं खोल याची रेघ पडद्यावर काढायची, एवढं त्याचं काम. केसाच्या जाडीचे शंभर भाग केले तर त्यातला एकसुद्धा त्याला दिसतो म्हणे. त्याच्याबरोबर एक इंजिनीअर बाई आल्या. बाई गोड बोलतात, पण आकड्याशिवाय बोलत नाहीत. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं की हातच्या काकणाला आरसा कशाला? सिलिंडर कापडानं पुसायचा आणि वरून अंगठा फिरवायचा, हे आमच्या मामांचं शास्त्र, अंगठा खोटं बोलत नाही. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, कौतुकानं घेतलं असेल.

पहिली मोजणी झाली आणि पडद्यावरची रेघ सरळ चालता चालता एका जागी टुणकन वर उडाली. दर फेऱ्याला, त्याच जागी. मी अंगठा फिरवला, तर सिलिंडर गुळगुळीत. डोळा म्हणतो उंचवटा आहे, अंगठा म्हणतो नाही. मालक मधे उभे, आणि मालकांचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, यंत्रासाठी खर्च केला की ते यंत्राच्या बाजूनं बोलतात. म्हणाले, आठवड्यात उंचवटा गेला नाही तर सिलिंडर भंगारात आणि तुम्ही गोदामात. गोदाम म्हणजे दिवसभर कागदाच्या रिमांच्या थप्प्यांकडे बघत बसायचं, मामा. बावीस वर्षं त्या मशीनची धडधड ऐकल्यावर मी तिथं आठ दिवसांत वेडा झालो असतो. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी डबा तसाच परत नेला. (हिनं भाजी बिघडली होती का विचारलं, मी हो म्हटलं, आणि त्यावरून जे झालं ते वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

मग आम्ही साप साप म्हणून भुई धोपटायला लागलो. बेअरिंग बदलली. मशीनच्या पायांखाली पत्रे सरकवले. जमीन हादरते म्हणून शेजारची कटिंग मशीन बंद ठेवली, पंखे बंद ठेवले, एकदा तर बाईंनी मला श्वास धरून उभं केलं. प्रत्येक मोजणीआधी सिलिंडर मी स्वतः पुसायचो, या बाबतीत दुसऱ्यावर विसंबायची आपली रीत नाही. उंचवटा हटेना. उलट मोजणीगणिक वाढत चालला. अशानं माणसाचा देवावरचा नाही तरी स्वतःवरचा विश्वास उडतो.

सहाव्या दिवशी बाईंनी डोळा बाजूला ठेवला आणि मलाच बघत बसल्या. मी सिलिंडर पुसला. मग नीट पुसला गेलाय ना, म्हणून नेहमीच्या खुणेपाशी अंगठा फिरवला. बाईंनी डोळ्याचं भिंग त्या जागी आणलं आणि पडद्यावर मोठं करून दाखवलं. मामा, पडद्यावर वळ्याच वळ्या! माझा अंगठा, हातभर मोठा. अंगठ्याच्या तेलकट थरावरून उजेड वेडावाकडा परततो, तो डोळ्याला उंचवटा वाटतो. आठवडाभर सगळा छापखाना जो शोधत होता तो मीच दर वेळी ताजा करून ठेवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

बाईंनी स्पिरिटनं पुसून पुन्हा मोजलं, उंचवटा मेण वितळावं तसा बसला. सिलिंडर वाचला, मी वाचलो, आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. फार आनंद झाला होता, लाज वाटायला फुरसतच मिळाली नाही. सवयीनं पुन्हा हात लागू नये म्हणून ही पट्टी बाईंनीच बांधली आहे. आता छापखाना मला अंगठेबहाद्दर म्हणतो. (मॅट्रिकला मराठीत वर्गात दुसरा होतो हे कुणी लक्षात घेत नाही.) घरीसुद्धा परवा पार्सलवाला आला तेव्हा हिनं विचारलं, सही करताय की अंगठा उठवताय?

मामींना नमस्कार, आणि गुडघ्याला माझ्याकडून आराम.

तुमचा भाचा,
अंगठेबहाद्दर

ता. क. उंचवटा 'बसला' असं वर लिहिलं ते नव्वद टक्के खरं. स्पिरिटनंतर खाली दुसरा, पुसट ठसा निघाला, घामानं धातूतच उतरलेला, जुनाट. छपाईला बाधत नाही, पण मालकांना तो कुणाचा ते हवंय. माझा निघाला तर गोदाम आहेच. म्हणून सोमवारी या (रिक्षा मी पाठवतो) आणि 'माझा' म्हणून सांगा. तुम्ही निवृत्त, तुमचं कोण काय वाकडं करणार?

पुन्हा ता. क. बाई ठसा जुळवायला काच पुढे करतील. अंगठा द्यायचा नाही, नुसतं 'हो, माझाच' म्हणायचं. जुळणार नाही, कारण आहे तो माझाच. पण आठवून बघा, कामावरच्या पहिल्या दिवशी माझा अंगठा धरून त्या जागी टेकवला होता तुम्हीच, 'असा बघायचा' म्हणून. तेव्हा खोटं बोलतोय असं मनात आणू नका. ठसा माझा असला तरी दाब तुमचा आहे.