पितळेचं झाकण

ता. ४ ऑक्टोबर

चि. सौ. ठकूस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या होडीच्या मोटरचं सगळं मीच केलं. कार्बोरेटरमधला फ्लोट मी बुचातून कोरला आणि त्याला लाखेचे तीन हात दिले. गॅस्केटं जाड कागदातून कातरली, केसभरही इकडेतिकडे नाही. ओढायच्या दोरीची मूठ घासून घासून तुझ्या नवऱ्याच्या पंजाच्या मापाची केली. वेगाचा दांडा जुन्या सायकलच्या ब्रेकमधून निघाला. पंपाचा पडदा, नळीचे वायसर, मागचा पत्रा, सगळं याच दोन हातांनी. आणि मागच्या महिन्यात येऊन टाकीला बसवून गेलो ते पितळेचं झाकण, त्याच्यासाठी तर लेथवर दोन दिवस उभा होतो. उतारूंच्या कपड्यांना पेट्रोलचा वास लागतो, ही तक्रार तुझीच. आता आतला वास बाहेर नाही की बाहेरची हवा आत नाही. इथल्या बोटसामानाच्या दुकानदाराने ते झाकण नेण्याआधी पाहिलं आणि अशी शंभर करून द्या म्हणून हात धुऊन मागे लागलाय. वर शिक्का दुकानाचा नाही, माझा. आयुष्यात पहिल्यांदा.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं, की मेहुण्यांची होडी खाडीच्या मध्यावर बंद पडते असं तू कळवलंस. मोटर जुनी आहे म्हणून मीच तिला म्हातारी म्हणतो, पण ती आजारी नाही. दोष पेट्रोलचा. मेहुणे डबा उघड्यावर ठेवत असणार आणि त्यात पाणी जात असणार. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू काढून पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्यायला सांग. पाणी असेल तर खाली वेगळं दिसेल. पेट्रोल जातं ते बारीक भोकाचं जेट काढून फुंकायचं. फुंकायचं म्हणजे फुंकायचं, तार घालायची नाही. तारेने भोक मोठं झालं तर म्हातारी पेट्रोल ढोसून काळा धूर ओकेल आणि खापर माझ्या डोक्यावर फुटेल.

लोभ आहेच. त्याला गंज चढू देऊ नये, ही विनंती.

दादा

---

ता. ११ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, एवढं सगळं तुझ्या दादांनी केलंय तर मध्येच बंद पडायचंही त्यांनीच शिकवलं असेल. मी समोर हसले नाही. आत जाऊन हसले.

भांड्यात पाण्याचा थेंब निघाला नाही. जेट फुंकलं, तार घातली नाही. मी पहाऱ्याला उभी होते. मग अंगणात पाण्याच्या पिंपाला मोटर लावून तासभर चालवली. शिवणयंत्रासारखी चालली. दुसऱ्या दिवशी उतारू भरून हे निघाले, खाडीतला तरंगता लाल बोया मागे टाकला, आणि म्हातारी खोकली, खोकली आणि गप्प. मग हे टाकीचं झाकण उघडून बघतात, पेट्रोल भरपूर असतं, झाकण पुन्हा करकचून लावतात, दोरी ओढतात, आणि थोड्या ओढाताणीनंतर बाईसाहेब काही झालंच नाही अशा सुरू. रोज हेच. पण या वेळी तेवढ्यात ओहोटीने होडी बंधाऱ्याच्या दगडांवर नेली. शाळेच्या बाईंनी छत्रीने दगडाला रेटा दिला म्हणून फळी वाचली. उतरताना त्या म्हणाल्या, उद्यापासून लांबच्या पुलावरून चालत जाईन, पाय गेले तरी चालतील, जीव नको जायला. शिंपीही त्यांच्यामागे गेला. निम्मे उतारू गेले, दादा.

ह्यांनी ठरवलंय, महिनाअखेरपर्यंत सुधारली तर सुधारली, नाहीतर म्हातारी भंगारात आणि स्वतः गोदीत हमालीला. तुम्हीच दादाला लिहा म्हटलं तर म्हणतात, त्यांना लिहायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. मला तर होडी नजरेआड झाली की हातातलं काम सुचत नाही. परत आल्याचा आवाज येईपर्यंत दारात उभी असते.

तुझा माझ्यावर लोभ आहेच. त्यातला थोडा ह्यांच्याही वाट्याला यावा.

ठकू

---

ता. १७ ऑक्टोबर

चि. सौ. ठकूस, अनेक आशीर्वाद.

पत्र आल्यापासून एका जागी बसवत नाही. जेवताना ताटात बोटाने कार्बोरेटर काढत बसलो म्हणून तुझ्या वहिनीने ताट उचलून नेलं. म्हणाली, त्या मोटरीलाच वाढते.

आधी वाटलं, तापल्यावर कॉइल दगा देत असेल आणि ठिणगी मरत असेल. नवी कॉइल गुंडाळायला घेतली आणि अर्ध्यावर सोडली, कारण पिंपात ती तासभर तापूनही चाललीच की. मग वाटलं फ्लोटची सुई अडकते. पण तसं असतं तर पेट्रोल ओसंडून वाहिलं असतं, आणि तू तसं काही लिहीत नाहीस. नळी कुठे हवा ओढत असेल तर पेट्रोलमध्ये बुडबुडे दिसायला हवेत. तेही लिहीत नाहीस. इतक्या लांबून नाडी बघायची म्हणजे कशी बघायची? मेहुण्यांचं लक्ष उतारूंकडे असतं. तू स्वतः जा आणि एकाच गोष्टीचं उत्तर आण: पिंपात नसतं असं खाडीत काय असतं? टाकीजवळ बस. सुरुवातीला पेट्रोल चढवायला नळीतला जो रबरी फुगा दाबतात, त्याच्यावर हात ठेव. तो टणक राहतो की मऊ पडतो ते लिही. झाकणाकडे बघायची गरज नाही, ते पक्कं आहे.

दुकानदार शंभर झाकणांच्या करारावर रोज सही मागतो. त्याला म्हटलं, आधी म्हातारीचं निस्तरू दे.

उत्तर लवकर आलं नाही तर मी स्वतः येईन. आणि मी आलो की तुमच्या घरात कुणाला जागा उरत नाही, हे ध्यानात घेऊन लोभ ठेवावा.

दादा

---

ता. २२ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

काल पहिल्या फेरीला गेले. टाकीला खेटून बसले, हात फुग्यावर. उतारू तीनच. बोया मागे पडला तसा फुगा मऊ झाला, मग चपटा, मग त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या. तेवढ्यात टाकीचा पत्रा टणकन वाजला आणि आत गेला, उपाशी माणसाचं पोट खपाटीला जावं तसा. म्हातारी खोकायला लागली. मी कुणाला न विचारता झाकण सैल केलं. टाकीने असा मोठा श्वास घेतला की समोरचा पोस्टमन दचकून उभा राहिला. फुगा भरला आणि मोटर चालतच राहिली. झाकण तसंच सैल ठेवून दिवसभराच्या फेऱ्या झाल्या. एकदाही बंद पडली नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पिंपात चालवताना हे काठी बुडवून पेट्रोल मोजतात, म्हणून झाकण काढूनच ठेवतात. खाडीत मात्र करकचून लावतात, कारण हातात असेल नसेल तेवढा जोर लावा असं तूच बजावून गेलास.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार अडते, दुसरं पाडावं लागतं. आईने हे आपल्या दोघांनाही दाखवलं होतं. तुझं लक्ष नव्हतं. डब्याचा सांधा कसा मारलाय ते तू बघत होतास.

झाकण सैल केल्यावर चालते हे ह्यांनीही पाहिलं, पण शिव्या अजून पेट्रोलवाल्यालाच देतायत. म्हणाले, झाकण दादांनी केलंय, त्यात काय चुकणार! सैल झाकणातून पेट्रोल हिंदकळून फळीवर येतं, ते काही बरं नाही. पुढे काय करायचं ते लिही. पण मला नको, ह्यांना लिही.

लोभ कमी व्हावा असं मी काही लिहिलेलं नाही, असंच समजावं.

ठकू

---

ता. २६ ऑक्टोबर

रा. रा. मेहुणे यांस, स. न. वि. वि.

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. इतकी वर्षं जे काही सांगायचं ते ठकूकरवी सांगत आलो, आणि सांगितलं त्यातलं बरंचसं तुमच्या चुकांबद्दल होतं.

दोष मोटरीत नाही, पेट्रोलात नाही, आणि तुमच्यात तर नव्हताच. झाकणाला भोक हवं होतं, ते मी ठेवलं नाही. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर टाकी स्वतःलाच ओढून घेते. जुन्या झाकणाला भोक होतं. ते पाहून मला वाटलं, कुणाचं तरी अर्धवट काम.

झाकण काढून घरात न्या आणि आधी पुसून कोरडं करा. दीड मिलिमीटरचा ड्रिल, कडेपासून बोटभर आत. कीस पूर्ण धुऊन काढा, नाहीतर तोच जेटमध्ये जाऊन बसेल. लाटेचं पाणी भोकात जाऊ नये म्हणून सोबत एक बारकी पितळी टोपी पाठवतोय. ती तीन पायांवर उभी राहते, खालून हवा जाते. भोकावर कथलाचा डाग देऊन बसवा, आणि झाकण पूर्ण गार झाल्यावरच टाकीला लावा. वास थोडा येईल. येऊ दे. उतारूंना सांगा, म्हातारी श्वास घेते त्याचा आहे. शाळेच्या बाईंची छत्री वाकली असेल तर माझ्याकडे पाठवा.

भोक पाडायला मीच निघालो होतो, पिशवीही भरली होती. मग ती रिकामी केली. ते तुमच्या हातून पडलेलं बरं.

लोभ फार घट्ट नको, आत हवा खेळेल एवढा असावा.

तुमचा,
ठकूचा दादा

ता. क. काल दुकानदाराकडे गेलो. शंभर झाकणं देतो, पण भोकासकट, म्हणालो. तो म्हणाला, भोक असेल तर मग त्यात नवीन काय? गिऱ्हाईक बिनवासाचं मागतं, खाडीच्या मध्यावर काय होतं ते तिथला माणूस बघेल. मी म्हटलं, तिथला माणूस माझा मेहुणा आहे. तो हसला. वर माझा शिक्का आणि पैसे सगळे आगाऊ, असं पुन्हा बोलला. मी नको म्हणालो आणि चालत घरी आलो. देत होता पासष्ट हजार.