कॉलेजचं मैदान अन् यायचा हात

ता. ४ डिसेंबर
यायचा डावा हात – खांद्याएवढा वर गेला. मूठ होते, सुटाले वेळ लागते.
व्यायामाची डॉक्टरीन म्हनली रोज लिहून ठेवा, म्हनून लिहून राह्यली. माही शाळा चवथीपर्यंत. अक्षर पाहून प्रणाली हासते. सून हाये, हासू दे. नवरा पुन्याले कंपनीत, इथं सासू-सासऱ्याजवळ राह्यते, तेवढं त हासाचा हक्क हाये तिले.
दुपारून कॉलेजचे इंगोले सर आले, खेळाचे. जय भीम झाला, चहा झाला. म्हने, मिस्त्री, आपल्या कॉलेजच्या मैदानावर लहानसं स्टेडियम बांधाचं चाललं. धावाची पट्टी, बसाले पायऱ्यायची गॅलरी, पोरीयले कपडे बदलाची खोली, संडास. संस्थेले आधी मोघम खर्च पाहिजे. जुन्या खोल्या तुमीच बांधल्या, त अंदाज तुमीच द्या.
लकवा मारल्यापासून कोनी यायले कामाचं विचारलंच नोतं. येनारा जानारा तब्येत विचारे अन् मले औषध सांगे. लसून खा म्हनून सांगनारे त वीस झाले असतीन.
सर गेल्याबरोबर हे म्हनले, “अवं, माहा पांढरा शर्ट कुठी हाये?”
मी म्हनलं, “धुळीत जाऊन मैदान पाह्याचं, पांढरा शर्ट कायले? धुवाचा कोनं?”
इस्तरी करून ठेवला.

ता. ६ डिसेंबर
सकाळी विहारात जाऊन आलो. हे पायी चालत गेले, काठी नाई घेतली. येताना दम लागला त चप्पल नीट कराले थांबले.
आज काम नाई म्हनले. उद्या मैदान.

ता. ७ डिसेंबर
हात – व्यायाम राह्यला, घाईत.
डावी बाही आधी चढवाची, मंग मान, मंग उजवी. उलटं केलं की फसते. आता आंधारातही जमते मले.
शेलूबाजारले ऑटोनं गेलो, तिथून कॉलेज. मैदान म्हनजे काळं वावरच हाये, मधात गवत. पोरी पळून राह्यल्या होत्या. एक आली अन् म्हने, “आजी, जरा बाजूले व्हा न.” आजी म्हने! मी म्हनलं, तू पळ, मी इथंच उभी राह्यीन, दमलीस की सांग कोन आजी ते.
मी पिशवीतून टेप काढला त यायनं तोंड वाकडं केलं. अंदाजाले टेप? यायचा बाप विहिरी खांदे. ते लोक दोर वावेनं मोजत. दोनी हात आडवे तानले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. हे पुढं बांधकामात आले, पन कोनतंही काम पह्यलांदा वावेनंच पाहातेत. म्हनतेत, टेपानं आकडा कळते, वावेनं जागा कळते.
पोरीयनं मैदानाच्या कडेनं दोर लावला, लांबीले अन् रुंदीले. मंग हे गोट्यावर उभे राहून दोर गोळा करत गेले, वाव मोजत. घाम आला. मी पानी दिलं त थांबले नाई, मोजनी चुकन म्हनले.
लय दिवसानं यायचा आवाज असा मोठा निंघाला. पोरी गोल करून पाहात होत्या.

ता. १० डिसेंबर
दोन दिवस घरात नुसतं स्टेडियम. हे सांगतेत, प्रणाली कॉम्प्युटरवर टाकते. काळी माती किती निंघन, मुरूम किती भरा लागन, रोलर, गॅलरीचं सिमेंट, लोखंड. मुरूमवाल्याले फोन, गिट्टीवाल्याले फोन. माही भाकर थंडी झाली दोनदा.
“मामाजी, एवढा मुरूम?” प्रणाली म्हने.
“काळ्या मातीवर धावपट्टी टाकशीन त पावसाळ्यात फुगन, उन्हाळ्यात फाटन. काढाच लागते, पोरी.”
आकडा सव्वा कोटाच्या जवळ गेला. मी म्हनलं, बाप्पा, एवढ्यात आपलं अर्धं गाव नवं होते. हे म्हनले, पैसा जमिनीच्या खाली जाते, वरतं दिसत नाई, म्हनून लोकायले जास्त वाटते.
रात्री दीड भाकर जास्त खाल्ली. हेही लिहून ठेवते. डॉक्टरीनीले दाखवाचं नाई.

ता. ११ डिसेंबर
अंदाज देऊन आले. ऑटोवाल्याले स्वतः सांगत होते, स्टेडियमचं काम पाहून राह्यलो म्हनून. ऑटोवाल्यानं विचारलंही नोतं.

ता. १६ डिसेंबर
हात – नाई केला. ऐकलंच नाई माहं.
प्राचार्याचा फोन आला. फोन मोठ्या आवाजावर होता, सारं ऐकू आलं. “मिस्त्री, आमचं मैदान फुगलं का हो? वाशीमच्या इंजिनिअरनं टेप लावला, त्याचा आकडा एक कोटाच्या आत हाये. तुमच्या अंदाजात मैदानच मोठं झालं, लांबीलेही अन् रुंदीलेही.” अन् हासले. वाईट मानूस नाई, पन हासले.
यायनं फोन ठेवला. मंग मले म्हनले, “त्याचा टेप तुटका असन.”
बावीस तारखेले संस्थेची बैठक हाये. तिथं जाऊन साऱ्यायसमोर सांगतो म्हनतेत, इंजिनिअरची मोजनी चुकली.
चहाच्या टपरीवर गोष्ट गेली. बाजूचा गनेश मले म्हने, “काकू, काकाले सांगा न, आमचं वावर मोजून द्या, एकराचे दोन होतीन.” मी म्हनलं, तुह्या अकलीचं मोजून घेऊ का पह्यले? लवकर होईन.
पन लागलं ते लागलंच.

ता. १७ डिसेंबर
सकाळी आंघोळीनंतर शर्ट घालून देत होती. डावी बाही. कोपर धरून हात लांब करा लागते, कारन तो आपल्या मनानं पुरा लांब होत नाई. थोडा वाकडाच राह्यते.
तिथंच माहा हात थांबला.
हे म्हनले, “काय झालं?”
“काई नाई. बटन तुटलं.”
बटन कुठी तुटलं. हात आखूड झाला त वाव आखूड झाली. वाव आखूड, म्हनून जास्त वाव भरल्या. लांबीतही जास्त, रुंदीतही जास्त. मुरूम दोनीकडून वाढला.
मैदान नाई फुगलं.
रोज घालून देते मी बाही. मले आधी कसं नाई कळलं.

ता. १८ डिसेंबर
प्रणालीले सांगतलं. तिले पटकन कळलं, डोये भरून आले. “आत्या, मी सांगू का मामाजीले?”
“तू गप बस. मी सांगते.”
नाई सांगतलं.
साऱ्या गल्लीत मी तोंडाची फाटकी. मयताच्या घरी जाऊन म्हनलं हाये मी, म्हातारा दारूनं गेला, देवानं नाई नेला. अन् इथं माह्याच घरात माही जीभ टाळूले चिटकली. पाच वेळा तोंड उघडलं. एकदा मीठ पाहिजे का विचारलं, एकदा पंखा बंद करू का. डिसेंबरात पंखा.
नाई सांगतलं त बावीसले बैठकीत इंजिनिअर टेप घेऊन उभा राहीन अन् साऱ्यायसमोर होईन. मंग जन्मात कोनी काम सांगाचं नाई. अन् हे घराच्या बाहेर निंघाचे नाईत, मले ठाऊक हाये.
सांगतलं त
पुढं सुचत नाई.

ता. १९ डिसेंबर
झालं.
आमच्या ओसरीचे दोन खांब यायनं आपल्या वावेवर लावले हायेत. घर बांधलं तवा मधात उभे राहून दोनी हात तानले, इकडं बोट, तिकडं बोट, तिथं खुना, तिथं खांब. मी नवी नवरी, हासली होती. असं कोनी घर मोजते का, म्हनलं. हे म्हनले, हे आपलं माप हाये, दुसऱ्याच्या घरात जमाचं नाई.
सकाळी म्हनलं, “अवो, जरा इथं उभे राहा. दोरी बांधाची हाये कपडे वाळवाले. वाव धरा.”
उभे राह्यले. उजवं बोट खांबाले लागलं, नखानं टक्क वाजवलं, सवय हाये यायले. डावा हात गेला... खांबाच्या अलीकडंच राह्यला. वीतभर असन अंतर. अजून तानला. खांदा वर आला, तोंड लाल झालं.
मी झाडू धरून उभी. कायच सुचलं नाई त म्हनलं, “खांब सरकले असतीन. काळी जमीन हाये.”
हात तसाच अधांतरी. मंग म्हनले, “माह्या हातचे खांब सरकत नाईत.”
अन् खाली बसले ओट्यावर. डावा हात मांडीवर घेतला, दुसऱ्याचं लेकरू घ्यावं तसा.
मी बाजूले बसली. प्रणाली आतून आली अन् आम्हाले पाहून परत गेली. शहानी हाये पोरगी.
थोड्या वेळानं म्हनले, “दोरी त आधीचीच बांधून हाये.”
वर पाह्यलं. हाये न, कपडे वाळून राह्यले होते तिच्यावर. माहंच लुगडं.
“मंग?” मी म्हनलं. “दोन बांधता येत नाईत का?”
हासले. जरासंच हासले, पन हासले.

ता. २० डिसेंबर
हात – चांगला केला. न सांगता.
परत मैदानावर. मी टेप नेला पिशवीत, यायनं पाह्यला, म्हनले ठेव आत.
घरून निंघताना दोन खांबायच्या मधात दोर धरून गाठ मारली होती. दोराचं एक टोक यायच्या उजव्या हातात, ती गाठ माह्या हातात. डाव्या हाताच्या जागी मी. वाव झाली की मी सरकाचं, परत. चिटकून उभं राहा लागे. कॉलेजच्या पोरी पाहून राह्यल्या होत्या, मले लाज वाटली, या वयात. ते आजीवाली पोरगी म्हने, “आजी, फोटो काढू?” मी म्हनलं, काढशीन त मोबाईल विहिरीत.
मोजता मोजता हे म्हनले, “तुहा हात हालते.”
“तुमचा नोता हालत?”
“माहा हालला असता त मले कोनं सांगतलं असतं?”
मी गाठ घट्ट धरली.
मैदान लहान झालं. जेवढं हाये तेवढं झालं.

ता. २१ डिसेंबर
प्रणालीनं नवा अंदाज काढला. कोटाच्या आत, इंजिनिअरच्या जवळपासच. पन यायनं एक नवी ओळ टाकाले लावली. गॅलरीच्या पायऱ्यायले लोखंडी कठडा, धरून चढाले. दोनी बाजूनं.
“मामाजी, एका बाजूनं पुरे न? खर्च वाढते.”
“दोनी बाजूनं टाक.”
मी म्हनलं, “कायले दोनी? कॉलेजचे पोट्टे काय कठडा धरतेत?”
“पाह्याले मायबाप येतीन न. कोनाचा कोनता हात चालते, आपल्याले काय ठाऊक.”
प्रणालीनं टाकलं.

ता. २२ डिसेंबर
बैठक. पांढरा शर्ट. मले कोन आत घेते, बाहेर बाकावर बसली, पन दार उघडं होतं.
मले वाटलं होतं, नवा कागद देतीन अन् गुपचाप बसतीन. तेच सांगतलंही होतं मी. उभे राह्यले अन् म्हनले, “साहेब, तुमच्या इंजिनिअरचा टेप बरोबर हाये. माहा हात आखूड झाला, म्हनून तुमचं मैदान लांब झालं.” अन् दोनी हात आडवे करून दाखवले. तिथंच. साऱ्यायसमोर.
कोनी हासलं नाई. प्राचार्यानं खुर्ची सरकवली अन् बसा म्हनले.
मी बाकावर पदरानं तोंड पुसलं. धूळ लय हाये त्या कॉलेजात.
कठड्यावर मात्र अडलं. अध्यक्ष म्हनले, एवढा खर्च कायले, पाहू. काम कोनाले द्याचं तेही पुढच्या बैठकीत पाहू. पाहू, पाहू. यायची पाहू कधी संपते काय माहीत.
येताना ऑटोत हे झोपले, माह्या खांद्यावर. उठवलं नाई. खांदा आखडला.

ता. ३० डिसेंबर
कॉलेजचा फोन नाई. यायनं पोराले, रवीले, पुन्याले फोन करून सांगतलं, हात आखूड झाल्याची गोष्ट, स्वतः, हासत हासत. रवी म्हने, आईले फोन द्या, अन् माह्यासंग नुसतं थंडीचंच बोलला. बापावर गेला.
गनेश आला होता. म्हने, “काका, खरंच वावर मोजाचं हाये, भावासंग वाटनी हाये.” हे म्हनले, माह्या डाव्या हातासंग बोल, ते घरधनीन हाये.

ता. ८ जानेवारी
हात – सकाळीच.
इंगोले सर रस्त्यात भेटले. बैठक झाली नाई अजून, अध्यक्ष बाहेरगावी. कठड्याचं सरायनं मनावर घेतलं म्हने, पाहू. तुमीही पाहूच का, म्हनलं मी.
थंडी लय. हे आता रोज उठल्या उठल्या ओसरीत जातेत, दोन खांबायच्या मधात उभे राह्यतेत. मले सांगत नाईत. मी त्याच वेळेले आंगन झाडाले घेते, पाठ करून.
आज उजव्या बोटाचं नख खांबाले टक्क वाजलं. मंग डाव्या खांबाकडून काईच नाई. नुसता श्वास ऐकू येत होता. मी वळून नाई पाह्यलं. झाडलेलं आंगन परत झाडत राह्यली.