मी कुठे घोरते?

४ जून
सातवा महिना लागला. झोप उत्तम. नवरा म्हणतो, तू घोरतेस, आणि घोरता घोरता तुझा श्वासच थांबतो. मी म्हटलं, मला तर काहीच ऐकू आलं नाही. नाक जरा चोंदलंय, एवढंच. सकाळी डोकं दुखतं ते त्याच्या कटकटीने. उद्यापासून रोज वाफ घेणार.

७ जून
वाफ घेता घेता डुलकी लागली. आईने पातेलं ओढलं म्हणून तोंड भाजलं नाही. लोक झोपेच्या गोळ्या खातात, मला बसल्या बसल्या झोप येते. याला आजार म्हणायचं?

११ जून
ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सध्या माझ्याकडे बेकरीवाले काका गाडी शिकायला येतात. फार घाबरट. त्यांचा आत्मविश्वास वाढावा म्हणून आज मुद्दाम डोळे मिटून बसले. उघडले तर गाडी चौकातल्या सर्कलभोवती फिरतेय. काका म्हणाले, मॅडम, बाहेर कुठून पडायचं ते तुम्ही सांगितलंच नाही, आणि उठवायला संकोच वाटला. मी म्हटलं, वळणांची प्रॅक्टिस झकास झाली.

१५ जून
बीपी वाढलंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घोरता का? नवऱ्याने तोंड उघडलं, मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला आणि नाही म्हणाले. जिना चढल्यावर कोणाचंही बीपी वाढेल. गेलो लिफ्टने, पण लिफ्टपर्यंत चालावं लागतंच ना.

१९ जून
ठरलं. उद्यापासून गाडीत च्युइंगम. डुलकीची काय बिशाद!

२० जून
धाडकन आवाज झाला तेव्हा जाग आली. गाडी विजेच्या खांबाला. माझ्या बाजूला वेगळा ब्रेक असतो, तो अशाच वेळेसाठी. माझा पाय हललाही नव्हता. काकांना लागलं नाही, पण ते रडत होते. म्हणाले, मी किती हाका मारल्या हो. बेल्ट पोटात रुतलेला. बाळ हलेना.

हॉस्पिटलमध्ये ठोके सापडेपर्यंत नवरा भिंतीकडे बघत होता. सापडले. मग मीच म्हणाले, डॉक्टर, हा म्हणतो मी घोरते. त्यांनी त्याला विचारलं, कधीपासून? म्हणाला, दोन महिने. हिचा श्वास परत येईपर्यंत मी उठून बसतो.

दोन महिने. मला वाटायचं, ह्याला ऑफिसचं टेन्शन.

२६ जून
झोपेची तपासणी झाली. श्वास खरंच थांबतो, ऑक्सिजन उतरतो. बीपी चढायला तेही कारण असू शकतं, आणि ते बाळालाही बाधतं. आता झोपताना नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला हवेचं मशीन. शिकवणं बंद. मी म्हटलं, लावते, पण माझी केस तशी किरकोळच ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही.

२८ जून
किती दिवसांनी डोकं हलकं! आईला म्हटलं, बघ, नव्या उशीचा गुण.

आई म्हणाली, उशी तीच आहे. मी फक्त अभ्रा बदलला.

मास्क पुसून ठेवला. नवरा अजून झोपलाय. उठवलं नाही.