लिफ्टजवळची पट्टी

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

येत्या रविवारी सोसायटीत आत्महत्या प्रतिबंधाचा कार्यक्रम. सेक्रेटरी सावंतांनी बॅनरवर जीव दिलेल्या शेजाऱ्याचा फोटो टाकला होता, तो मी भांडून काढायला लावला. त्याच्या मुलीने रोज येता-जाता तो बघायचा का? सकाळी लिफ्टजवळ साधी नोटीस लावली: मनावर ओझं असेल तर बोला. खाली हेल्पलाइनच्या नंबराच्या पट्ट्या, फाडून न्यायला.

दुपारी एक पट्टी गेलेली. सावंत लगेच, "वहिनी, कॅमेऱ्यात बघूया ना कोणी नेली!"

मी ओरडलेच. "अजिबात नाही! मग पुढे कोण हात लावेल?"

आणि मी स्वतः काय करतेय? दुपारपासून लिफ्टमध्ये भेटेल त्याचं तोंड न्याहाळतेय. पाटीलबाई गप्प का होत्या? नोकरी गेलेला जोशी हसला का? शी! सावंत परवडले. पण ती पट्टी डोक्यातून जातच नाही.

आत्ता लिहायला बसले, चष्म्याची डबी उघडली. आत ती पट्टी. नीट घडी घातलेली.

घरात आम्ही दोघंच. म्हणजे यांनीच ठेवली. माझ्याही मनावर ओझं आहे हे यांना कसं कळलं? आणि कधीपासून?

बाहेर टीव्ही बंद झालाय. मी हाक मारायची वाट बघतायत बहुतेक.